चची भाषा

‘बरं वाटायला लागलं तरी निघा. बरं वाटलं म्हणून थांबू नका.’

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले हे वाक्य मनात घोळवत मास्तरीणबाई खाली वाकून नवऱ्याच्या पायात बूट चढवत होत्या. मास्तर पाय ढिला सोडत नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःच नाडी बांधली, उजव्या हाताने ओढून घट्ट केली, आणि तोच हात बायकोच्या नाकासमोर धरून पाचही बोटे हलवून दाखवली.

“बघ. काय झालंय याला?”

काही झालेले खरेच दिसत नव्हते. मघाशी कापणीच्या टेबलाशी उभे असताना त्यांच्या हातातून कात्री सुटून फरशीवर पडली होती. ती उचलायला ते वाकले नाहीत, नुसते बघत राहिले. तोंडाची उजवी बाजू इस्त्री न लागलेल्या कॉलरसारखी खाली आली आणि ते काहीतरी बोलले. त्यात शब्द म्हणावा असा एकही नव्हता. मास्तरीणबाईंनी त्यांना स्टुलावर बसवून फोन लावला. पण डॉक्टरांचे बोलणे संपायच्या आतच चेहरा जागेवर आला, हात उठला, आणि मास्तर स्वच्छ आवाजात म्हणाले की ठेव तो फोन, उगाच गावभर कशाला.

कपडे शिवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. त्यांच्या बायकोने शाळेत कधी कुणाला शिकवले नव्हते, पण दुकानात बसून काजेबटणे आणि तुरपाई करता करता ती आपोआप मास्तरीणबाई झाली होती. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मधल्या पडद्याला दोन्हीकडून हात पुसलेले असत.

टॅक्सीत मास्तरांनी आपली बाजू मांडली. आज एका कोटाची ट्रायल होती. बाह्या नुसत्या टाचून ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक येऊन कुलूप बघून परत जाईल, हे बरे दिसते का? शिवाय माणसाला कधी मुंग्या येतच नाहीत का? मास्तरीणबाई बाहेर बघत गप्प राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर मास्तर जिंकले असते. त्या गप्प बसल्या की त्यांचे काही चालत नसे. थोड्या वेळाने ते तिच्या कानाशी वाकले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

“चरीघ चऊयाजा.”

म्हणजे, घरी जाऊया. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि सुरुवातीला च लावायचा, की झाली चची भाषा. शाळेतली पोरे मास्तरांना फसवायला बोलतात, हे मास्तर गिऱ्हाइकांना फसवायला बोलत. लग्नानंतर सासूबाई मधल्या पडद्याआड असत, तेव्हा नव्या नवरीशी चार गोष्टी बोलता याव्यात म्हणून त्यांनी ती सुरू केली, आणि सासूबाई गेल्यावरही ती संपली नाही. एखाद्याची मापे घेताना मास्तर टेप कमरेभोवती फिरवून म्हणत, “चटपो चढलंवा,” आणि मास्तरीणबाई तोंडावर रेषही न उमटवता वहीत शिवणीत सोडायची माया इंचभर जास्त लिहीत. पोट वाढलेले गिऱ्हाईक भिंतीवरच्या आरशात स्वतःला बघत उभे असे.

“चपग चसाब,” मास्तरीणबाई आता म्हणाल्या. गप बसा.

पण त्यांचा जीव थोडा खाली बसला. अक्षरांची अशी उलटापालट ज्याला जमते, त्याच्या डोक्याला काय होणार, असे त्यांना वाटले.

इस्पितळातली डॉक्टर वयाने लहान होती, पण घाई करत नव्हती. तिने मास्तरांना दोन्ही हात समोर धरायला लावले, दात दाखवायला लावले, भुवया उडवायला लावल्या. पेन दाखवून हे काय म्हणून विचारले. मास्तरांनी पेन सांगितले आणि शिवाय तिच्या पांढऱ्या कोटाचा डावा खांदा उतरलाय तेही सांगितले. डॉक्टर हसली. मग स्टूल ओढून बसली आणि दोघांना समजेल असे बोलली. मेंदूला जाणारे रक्त काही मिनिटे अडले होते आणि मग आपणहून मोकळे झाले. आत्ता खूण राहिलेली नाही, हे नशीब. पण असा छोटा झटका हा पुष्कळदा मोठ्याचा निरोप्या असतो, आणि मोठा येतो तो बऱ्याचदा मागोमागच, पहिल्या काही दिवसांत. म्हणून रक्त अडले कुठे ते बघायला हवे. छातीपासून डोक्यापर्यंत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढायचे, आणि ते आजच.

“याआधी असं कधी झालं होतं?” तिने विचारले.

“छे,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरने मास्तरीणबाईंकडे पाहिले. त्यांनीही नाही म्हणून मान हलवली.

मास्तरांनी मग आपला कोटाचा विषय पुन्हा काढला. उद्या आलो तर? सकाळी सकाळी, उपाशीपोटी, म्हणाल तसे. डॉक्टरने शांतपणे सांगितले की उद्या तुम्ही बोलत याल की नाही, हे मला सांगता येत नाही. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून त्याची घडी घातली. घरातून निघताना तो काढायचे राहून गेले होते, आणि एवढ्या वेळात मास्तरीणबाईंनाही तो खटकला नव्हता, कारण टेपाशिवाय मास्तर त्यांनी फारसे पाहिलेच नव्हते.

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. तिथे काम करणारी बाई पन्नाशीकडे झुकलेली, अंगात हातविणीचा स्वेटर. तिने मास्तरांच्या कोपराच्या लवणीत सुई बसवली आणि अंगावरचे लोखंड, सोने, चष्मा, कवळी, जे काही असेल ते काढून ठेवायला सांगितले. मास्तरांनी चष्मा दिला, घड्याळ दिले, किल्ल्या दिल्या. बाईने सहज शर्टाच्या कॉलरमागून बोट फिरवले आणि दचकून हात मागे घेतला. कॉलरच्या आतल्या बाजूला दोरा ओवलेली सुई टोचलेली होती. तिने पुढे पाहिले, तर बटणपट्टीत आणखी एक, आणि खिशाच्या कडेला ओळीने टाचण्या.

“आजोबा, तुम्ही माणूस आहात की साळिंदर?”

मास्तरांनी ओशाळून बायकोकडे पाहिले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या अंगावरच्या साऱ्या सुया आणि टाचण्या पटापट काढून स्वतःच्या पिशवीच्या पट्ट्यात टोचल्या. कुठे कुठे हात घालायचा ते त्यांना न बघता ठाऊक होते.

स्वेटरवालीने समजावून सांगितले. ही सुईतून जाणारी औषधाची पिचकारी, त्याने रक्ताच्या वाटा चित्रात उजळतात. अंगभर गरम लाट आल्यासारखे वाटेल, कपड्यात लघवी झाली असेही वाटेल, पण झालेली नसते, घाबरू नका. मान हलवायची नाही, आवंढा गिळायचा नाही. मास्तर म्हणाले की हे तुम्ही सांगेपर्यंत मला आवंढा आलाच नव्हता. तिने त्यांच्या पायावर पांघरूण घातले आणि मास्तरीणबाईंना बाहेर, काचेच्या अलीकडच्या खोलीत नेले. एरवी ती नातेवाइकांना तिथे येऊ देत नसावी. पण हे आजोबा बायको दिसली नाही तर मान वळवतील, हे तिने ओळखले होते.

काचेपलीकडे मास्तर त्या मोठ्या गोल कड्यात डोके ठेवून आडवे झाले होते. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते. दुसऱ्यांचे सगळे शिवून होते, स्वतःचे राहते, असे मास्तरीणबाईंच्या मनात आले. इतक्यात समोरच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला, बारीक, केविलवाणा, बायकोपुरता.

“चलाम चचववा.”

मला वाचव. मास्तरीणबाईंना हसावे की काय ते कळेना. तोवर स्वेटरवालीने बटण दाबले आणि माइकमध्ये तोंड घालून खणखणीत आवाजात म्हटले,

“आजोबा, चलूह चकान.”

पलीकडे पांघरुणाखाली मास्तरांचे पोट हलू लागले. ती बाई हसू आवरत त्यांचे हसणे संपायची वाट बघत राहिली, मग आवाज बदलून म्हणाली की आता मात्र खरेच हलू नका, औषध सोडतेय, गिळू नका, आणि कडे फिरू लागले. पाहता पाहता ते झालेही. एवढ्यासाठी एवढे, असे मास्तरीणबाईंना वाटले.

चित्रे पडद्यावर येईपर्यंत दोघी बोलत बसल्या. स्वेटरवाली म्हणाली की ही भाषा कुणाला येत नाही? मी आणि माझी बहीण आईसमोर बोलायचो, आणि आई सगळे समजून गप्प राहायची. मास्तरीणबाईंचा चेहरा पडला.

“म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांना पण कळत असेल?”

“कळतच असणार.”

“आम्ही त्यांच्या पोटाबद्दल बोलतो हो.”

“तरी येतात ना परत? मग शिवण चांगली असेल.”

मास्तरीणबाई खुदकन हसल्या. सकाळपासूनची भीती त्या हसण्याने जरा सैल झाली, आणि सैल झालेले माणूस बोलते तशा त्या बोलू लागल्या. म्हणाल्या, त्यांची हल्लीची चची भाषा फार अवघड झाली आहे. परवा जेवायला बसलो होतो तर ताटाकडे बोट करून काय म्हणाले देव जाणे. किती अक्षरे फिरवून पाहिली, लागलेच नाही. मला तर हसून हसून ठसका लागला. मी आपले काहीतरी उत्तर दिले ठोकून.

“आधी तर च पण नव्हता,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “मी हसले, मग कुठे त्यांनी च लावला.”

स्वेटरवालीचा हात माउसवर थांबला. तिने मास्तरीणबाईंकडे पाहिले नाही. पडद्याकडेच बघत, मघापेक्षा बरेच हळू, तिने विचारले की तेव्हा त्यांच्या हातात घास होता का. मास्तरीणबाई सांगू लागल्या की घास होता, पण तो ताटात पडला, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. त्यांनी मांडीवरची पिशवी उराशी धरली. पट्ट्यातली एखादी टाचणी टोचली असेल, पण त्यांनी हात काढला नाही.

“आजी,” ती बाई म्हणाली, “एवढं डॉक्टरांना सांगाल? आत्ताच जा. त्यांचं मी बघते.”

मास्तरांना वॉर्डात आणले तोवर मास्तरीणबाई सांगून आल्या होत्या. खिडकीशेजारची खाट मिळाली होती. मास्तर उशीला टेकून बसले होते आणि गरम लाट कशी थेट बुडाखालून येते त्याचे वर्णन शेजारच्या खाटेवरच्याला करत होते. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी ते आटोपते घेतले. तिने खुर्ची जवळ ओढली. मघाशी घडी घातलेला टेप त्यांच्या उशाशी होता, तो उचलून ती बोटाला गुंडाळू लागली.

“परवा जेवताना काय म्हणत होतात?”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, पलीकडच्या इमारतीचा पाइप होता. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

“मीठ,” ते म्हणाले. “मीठ मागत होतो.”

“कुठल्या भाषेत?”

“साध्याच.”

टेप बोटावरून सुटला आणि पुन्हा गुंडाळला गेला.

मग त्यांनी हळूहळू सांगितले. तोंडातून मीठ म्हणूनच बाहेर काढले होते, पण कानावर पडले ते भलतेच. पुन्हा म्हटले, तर आणखी भलते. हात जड झाला होता. घाबरून तिच्याकडे पाहिले तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कितीतरी दिवसांनी अशी हसत होती. मग त्यांनी पुढे च लावून दिला. वाटले, चालून जाईल. आणि गेलेही. ताट संपायच्या आत सगळे पूर्ववत झाले होते, मग कशाला काढायचा विषय?

खालमानेने मास्तरीणबाईंनी विचारले,

“भाजी अळणी होती?”

“पार.”

“आणि तुम्ही सगळी खाल्लीत.”

“दुसऱ्यांदा वाढून घेतली,” मास्तर म्हणाले. “तू वाढलीस, मग काय करणार?”

मास्तरीणबाईंना हसू आले, आणि ते अर्ध्यातच मोडले. त्यांनी तोंड खाटेच्या कडेवर टेकवले. मास्तर त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले, कापडावरच्या सुरकुतीवरून फिरवावा तसा, एकाच दिशेने.

डॉक्टर चित्र घेऊन आली. हातातल्या पडद्यावर मान नव्हती, हाडे नव्हती, नुसत्या पांढऱ्या वाटा होत्या, मुळापासून फांद्या फुटाव्यात तशा वर गेलेल्या. तिने पेनाच्या टोकाने डावीकडची वाट दाखवली. ती जिथे दुभागत होती, त्याच्या जरा वर आत थर साचून ती दोऱ्याएवढी उरली होती. तिथून कण सुटतात आणि वर जाऊन अडकतात. दोनदा अडकून विरघळले. तिसऱ्यांदा विरघळतील असे नाही. आधीचा झटका कळला नसता तर पुढल्या आठवड्यातली तारीख दिली असती, ती म्हणाली, पण आता उद्या सकाळीच वाहिनी उघडून साफ करू.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र जवळून पाहिले. “गळ्याला माप कमी पडलं की,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, की उघडल्यावर बंद कशी करतात. डॉक्टरने सांगितले, शिवतात. नुसती शिवली तर पुन्हा अरुंद होते, म्हणून वर एक छोटा तुकडा लावून शिवतात.

“ठिगळ?”

“ठिगळच.”

मास्तर पहिल्यांदाच समाधानी दिसले. दोरा कोणता वापरतात, टाका सलग घालतात की सुटा, हे त्यांनी विचारून घेतले, आणि उद्या शिवणाऱ्यांना रात्री नीट झोप मिळेल ना, याचीही चौकशी केली. धोका काहीच नाही असे डॉक्टर म्हणाली नाही. पण न करण्यात त्याहून जास्त आहे, एवढे म्हणाली. मास्तरांनी सही केली. जाताना तिने खाटेच्या दांड्याला अडकवलेली बेल त्यांच्या डाव्या हाताशी आणून ठेवली. मधल्या वेळात जराही वेगळे वाटले तर दाबायची, वाट बघायची नाही.

ती गेल्यावर मास्तरीणबाईंनी खुर्ची आणखी पुढे घेतली.

“एक कबूल करा मला.”

“कोटाचं ना? तू गिऱ्हाइकाला फोन कर, सांग की...”

“कोट गेला खड्ड्यात.” असे त्या कधी बोलत नसत. “पुन्हा असं काही झालं, इतकंसं जरी झालं, तरी मला सांगायचं. मी हसत असले तरी. झोपले असले तरी. मला काय वाटेल ते बघायचं नाही.”

“सांगीन.”

“साध्या भाषेत.”

“साधी भाषा आली तोंडाला तर,” मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आले की ही गंमत नव्हती.

“नाही आली तर माझा हात धरा. मला कळेल.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. लग्नात सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून काय काय वदवून घेतले होते, त्यातले फारसे आठवत नव्हते. हे त्यांनी स्वतः, एकट्याने, तिच्या डोळ्यांत बघून म्हटले.

“शब्द दिला.”

दुपारी वॉर्ड निजल्यासारखा झाला. जेवणाच्या गाड्या परत गेल्या, भेटायला आलेली माणसे गेली. मास्तरांनी हट्टाने बायकोला खाऊ घातले, तेव्हा कुठे तिच्या पोटात सकाळपासूनचा पहिला घास गेला. ती म्हणाली, मी जागीच आहे, तुम्ही पडा. आणि बोलता बोलता तिची मान एका खांद्यावर कलली. ओठ किंचित उघडे राहिले. दिवसभर कपाळावर असलेली आठी पुसली गेली. मास्तर तिच्याकडे बघत पडून राहिले. झोपेत ती तुरपाईला बसल्यासारखीच दिसत होती, हात मांडीवर, बोटे जराशी वळलेली.

चादर कशाची आहे, हे मास्तर उगाच बोटांनी बघत होते. हा त्यांचा चाळाच होता. डाव्या हाताला पोत लागत होता: जाडसर सूत, धुऊन धुऊन विरलेले, उभे धागे आडव्यांपेक्षा पक्के. उजव्या हाताला काही लागत नव्हते.

त्यांनी उजवी बोटे पुन्हा घासली. अंगठ्यावर तर्जनी, तर्जनीखाली चादर. मध्ये कुणी कागद सरकवावा तसे. हात अंगाखाली आला असेल, त्यांनी स्वतःशी म्हटले. त्यांनी तो उताणा ठेवला, वाट पाहिली. कागद तसाच.

उद्या सकाळी सगळे होणारच आहे. डॉक्टरांना ठाऊक आहे, चित्रात दिसले आहे, कुणापासून काही लपलेले नाही. आणि ती आत्ता कुठे झोपली आहे. असेच येते आणि जाते. दोनदा गेले, हेही जाईल. ती जागी होईल तेव्हा हात नेहमीसारखा असेल.

मास्तरांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली नाही. तिचे एक हाक मारायचे नाव होते, ते येईल की नाही याची परीक्षा त्यांनी घेतली नाही. डाव्या हाताने चाचपून बेल दाबली. दूर कुठेतरी दिवा लागला असेल, कुणीतरी उठले असेल.

मग पांघरूण बाजूला सारून, दांड्याच्या आतल्या बाजूने, कोपरावर भार देत ते कणाकणाने खाटेच्या कडेला सरकू लागले. डावा हात त्यांनी बायकोच्या मांडीवरच्या हाताकडे लांब केला.